मदत हवी आहे: सलग बावीस टूर्नामेंट, एकदाही पैशात नाही. डोकं ताळ्यावर कसं ठेवता?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून लिहितोय. वय 36. घरची आंबा-काजूची बाग आहे आणि दोन खोल्या पर्यटकांना देतो. पोकर खेळतो, आणि त्यातही टूर्नामेंटच. ज्यांना फक्त "जुगार सोड" एवढंच सांगायचंय त्यांनीही जरूर सांगा, पण सगळं वाचून मग सांगा, एवढी विनंती.

चार वर्षं ऑनलाइन खेळलो. पन्नास-शंभर रुपये प्रवेश फी, प्रत्येक खेळाची वहीत नोंद. साधारण अकराशे टूर्नामेंट झाल्या. शंभरात सतरा वेळा पैशात आलो, म्हणजे बक्षिसाचे पैसे मिळाले, आणि सगळा हिशेब करता थोडा फायद्यात राहिलो. रक्कम मोठी नव्हती. पण आपल्याला हे जमतं, ही खात्री त्या वहीने दिली होती. मग ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यात पोकरही गेलं. उरला तो गोवा. गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळता येत नाही, पण माझा पत्ता सिंधुदुर्गातला. शिरोडा, सातार्डा, पेडणे, म्हापसा करत बाइकने दोन तासांत पणजी. टूर्नामेंटची मालिका लागली की तीन-चार दिवस तिकडेच.

गेल्या सप्टेंबरपासून बावीस टूर्नामेंट खेळलो. नऊ वेळा बाद झाल्यावर पुन्हा फी भरून बसलो. म्हणजे एकतीस प्रवेश, सरासरी आठ हजाराने अडीच लाखांच्या आसपास. परत आले शून्य रुपये.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: टूर्नामेंटमध्ये शंभर जण बसले तर वरच्या दहा ते पंधरा जणांनाच पैसे मिळतात, आणि त्यातलाही मोठा वाटा पहिल्या तिघांकडे जातो. त्यामुळे चांगला खेळणाराही बहुतेक वेळा हात हलवत घरी येतो. हे मला पाठ आहे, दुसऱ्याला मी ते छान समजावून सांगू शकतो. पण पोटात उतरत नाही.

मार्चमधली एक रात्र सांगतो. एकशे वीस जण होते, पंधरा जागांना पैसे. आम्ही सोळा उरलो होतो. पुढचा जो बाद होईल तो रिकाम्या हाताने जाणार, बाकी सगळे पैशात. माझ्या हातात दोन राण्या. समोर तरुण मुलगा, त्याच्यापुढे माझ्या दुप्पट चिप्स, म्हणजे खेळायच्या चकत्या. त्याने सगळं पुढे ढकललं. मी दोनदा पानांची कडा उचलून पाहिली, जणू मधल्या वेळात राण्या बदलल्या असत्या, आणि कॉल म्हटलं, म्हणजे माझंही सगळं लावलं. त्याने उघडलं: इस्पिकचा एक्का आणि बदामाची नऊ. शंभरात सत्तरहून जास्त वेळा ही लढत मी जिंकतो. टेबलावर दोघांसाठीची सामायिक पाच पानं पडतात. चार पडली, काही नाही. पाचवं पान डीलरने टेबलावर सरकवलं तेव्हा मला आधी फक्त त्याचा लाल कोपरा दिसला. चौकटचा एक्का. त्याची एक्क्यांची जोडी झाली, माझ्या राण्यांच्या वर.

उठलो. टेबलावरचे सगळे टाळ्या वाजवत होते, कारण माझ्या जाण्याने ते पैशात आले होते. त्यांचा राग नाही, मीही वाजवल्या आहेत. पण तो आवाज अजून कानात आहे.

आणि त्यानंतर मी जे केलं ते या धाग्याचं खरं कारण आहे. कॅसिनो नदीतल्या जहाजावर, आणि धक्क्यावर परत नेणारी बोट लागलेली होती. मी बोटीत बसलो नाही. बाजूच्या कॅश टेबलावर बसलो, म्हणजे प्रत्येक डाव थेट पैशांवर, जिथे मी कधी बसत नाही आणि मला ते नीट खेळताही येत नाही. पहाटे तीनपर्यंत 26 हजार घालवले. काजू बीचे पैसे होते, दोन दिवसांपूर्वीच व्यापाऱ्याने दिलेले. बायकोला सांगितलं होतं की कोल्हापूरला फवारणीचं औषध आणायला चाललोय.

येताना आरवलीला वेतोबाच्या देवळापाशी बाइक थांबवली आणि पायरीवर बसून राहिलो. देवाला काय सांगायचं तेच सुचेना. त्याच्याकडे पान मागायचं का?

तेव्हापासून झोप नीट नाही. अडीच-तीनला जाग येते आणि तोच हात, म्हणजे तोच डाव, पुन्हा सुरू होतो. फोल्ड केलं असतं, पानं टाकून दिली असती तर? दिवसाही तेच. मुलगा पाढे म्हणून दाखवत होता, तीनदा म्हणाला, मला ऐकूच आलं नाही, आणि चौथ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. बायको म्हणाली, "तुमी हल्ली जेवताना पण हंय नसतात." खेळातही बिघडलोय. आधी सहज करायचो ते डाव आता करवत नाहीत. चांगली पानं आली की हात थरथरतो, आता ही पण हरणार असंच वाटतं. एकच शर्ट घालून जातो. ठरलेल्याच पंपावर पेट्रोल भरतो. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता.

एक गोष्ट सारखी आठवते. मे 2021 मध्ये तौक्ते आलं, तेव्हा आमचा अर्ध्याहून जास्त हापूस एका रात्रीत खाली आला. दोन जुनी कलमं मुळासकट गेली. सकाळी बाबा बागेत उभे राहिले, पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग क्रेट आणायला सांगितले, फुटलेले वेगळे, कॅनिंगला जातील ते वेगळे. मी रडकुंडीला आलो होतो. ते म्हणाले, "गेला ता गेला. ह्यां उचला आधी." आणि त्या रात्री ते झोपले. मी बघितलंय, घोरत होते.

मी खूप विचार केला की मला ते का जमत नाही. एवढंच कळलं: बाबांना नक्की माहीत होतं की त्यांचं काही चुकलं नव्हतं. मोहोर आला तेव्हा तुडतुड्यांची फवारणी वेळेवर झाली होती, राखण झाली होती, वारा आला आणि घेऊन गेला. आणि ज्या वर्षी फवारणी चुकली त्या वर्षी ते सरळ म्हणाले की चूक माझी. माझ्या बाबतीत दोन्हीपैकी काय, हेच मला कळत नाही. बावीसमध्ये वारा किती आणि फवारणी चुकली किती? चांगलं खेळून हरलो की वाईट खेळून हरलो, दोन्ही वेळा घरी येतो तेव्हा खिसा सारखाच रिकामा असतो.

तर माझे प्रश्न. इतक्या लांब पडझडीत तुम्ही स्वतःच्या खेळावरचा विश्वास कशाच्या आधारावर टिकवता? नशीब कुठे संपतं आणि आपली चूक कुठे सुरू होते, हे कसं ओळखता? हरल्यानंतरचे पहिले दोन तास कसे काढता? आणि कुणी पूर्ण थांबला असेल, तर कधी आणि कशावरून ठरवलं?

*

प्रतिसाद: सड्यावरून, रत्नागिरी

दादा, मनापासून लिहिलंय, तसंच उत्तर देतो. मी नऊ वर्षं खेळतोय.

आधी आकडा, कारण तो तुमच्या बाजूने आहे. ऑनलाइन पन्नास रुपयांच्या टेबलावरचे सतरा टक्के पणजीत टिकणार नाहीत, तिथले लोक जास्त तयार असतात. पंधरा धरू. म्हणजे एका टूर्नामेंटमध्ये रिकामं जाण्याची शक्यता शंभरात पंच्याऐंशी. सलग दहा रिकाम्या जाणं साधारण पाचात एकदा. सलग बावीस म्हणजे शंभरात तीनच्या आसपास. वाचायला भयंकर वाटतं. पण कुणी दोनशे टूर्नामेंट खेळला, तर त्यात कुठेतरी बावीसची अशी रांग लागण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास येते. मला एकदा सत्तावीसची लागली होती.

आता तुम्ही जे लिहिलं नाहीत ते. ऑनलाइन खेळताना बावीस टूर्नामेंट किती वेळात व्हायच्या? एक-दोन रविवारांत. अकराशेमध्ये अशी रांग तुम्हाला आधीही लागली असणार, वही काढून बघा. तेव्हा ती दोन दिवसांत संपली आणि दीड-दोन हजारांत भागली. आज तीच रांग दहा महिने चालली, अडीच लाखांना पडली, आणि मधल्या प्रत्येक रात्री तुम्ही तिच्यासोबत झोपलात. रांग तेवढीच आहे, पण ती तुमच्या घरात येऊन राहिली. म्हणून ऑनलाइनची खात्री इथे कामाला येत नाही. इथे वर्षाला तीसेक टूर्नामेंट होतात, त्यावरून आपण चांगले की वाईट हे ठरायला आयुष्य जाईल.

निकालावरून ठरवता येत नाही, मग कशावरून? निर्णयावरून. माझी पद्धत सांगतो. ब्रेकमध्ये मोठे हात वहीत उतरवतो: माझी जागा, चिप्स, समोरच्याच्या चिप्स, आधी कोण काय खेळलं, मी काय केलं आणि का. शेवटची पानं आणि कोण जिंकलं हे लिहीतच नाही. महिन्याने ते हात दोन मित्रांना पाठवतो. त्यांना निकाल माहीत नसतो, त्यामुळे ते मला सांत्वन देऊ शकत नाहीत आणि शिव्याही नाही. फक्त सांगतात की त्यांनी काय केलं असतं. दहापैकी आठ ठिकाणी जुळलं तर मी झोपतो. चारच ठिकाणी जुळलं तर ती फवारणी चुकली, आणि तीही कळल्यावर बरं वाटतं. तुमच्या राण्यांबद्दल विचाराल तर मीही कॉलच केला असता. तो हात आता सोडा.

पण कॅश टेबल हे नशीब नव्हतं. तिथे तुम्ही हरलेले पैसे वसूल करायला बसलात. आमच्यात याला टिल्ट म्हणतात, सगळ्यांना होतो. त्यावर मनाला समजावून काही उपयोग नाही, कारण त्या क्षणी समजून घेणारा माणूस जागेवर नसतो. त्याची सोय आधीच करावी लागते. मी कार्ड आणि यूपीआयचा फोन खोलीत ठेवून जातो. खिशात एका प्रवेशाचे पैसे आणि परतीचे. पुन्हा प्रवेश नाही. बाद झालो की पहिली बोट. खाली उतरल्यावर मिरामारपर्यंत चालत जातो, चांगलं तीन किलोमीटर आहे, आणि तोवर कुणाला फोन नाही.

शेवटी एक कडू गोष्ट. कर. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के, वर उपकर, आणि हरलेल्या फ्या त्यातून वजा मिळत नाहीत. समजा शंभर टूर्नामेंटमध्ये दहा लाख भरले आणि बारा लाख जिंकले. हे फार चांगलं खेळणं झालं. पण बारा लाखांवर सरळ 30 टक्के गेले तर हातात आठ लाख चाळीस हजार उरतात. म्हणजे चांगलं खेळूनही तोटा. हा हिशेब मांडला तेव्हापासून मी पोकरला उत्पन्न म्हणणं बंद केलं. वर्षाला ठरावीक रक्कम, ट्रेकिंगवाले जशी खर्च करतात तशी, ती संपली की पुढच्या वर्षी. तुमच्याकडे अशी रक्कम आहे का? की बागेतूनच येतंय?

*

प्रतिसाद: पाणवठा

सोडून द्या. बागेकडे बघा. एवढंच.

*

प्रतिसाद: देवगडची ताई

भाऊ, मला पोकर येत नाही. माझा सख्खा भाऊ या वाटेने गेलाय, म्हणून लिहिते.

वरच्या दादांनी खेळाचं जे सांगितलं ते बरोबर असेल. पण तुमच्या लिहिण्यात मला दोन वेगळी दुखणी दिसतात आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध मागताय. पानं वाईट येणं हे एक. कोल्हापूर हे दुसरं. माझा भाऊही आधी हरायला लागला, मग लपवायला लागला, मग हरलेलं भरून काढायला बसायला लागला. आणि लपवण्यामुळे त्याला जेवढं नुकसान झालं तेवढं हरण्याने झालं नाही. कारण एकदा खोटं बोललं की ते झाकायला जिंकावंच लागतं. मग शांत डोक्याने खेळणार कसे? तुम्ही म्हणता हात थरथरतो. पानांमुळे थरथरत असेल असं मला वाटत नाही.

वहिनींना सांगा. आकड्यासकट सांगा, गोलगोल नको. आणि झोपेचं, मुलावर ओरडण्याचं साधं समजू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, 14416. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. माझ्या भावाने पहिला फोन केला तेव्हा काय बोलायचं ते कळेना म्हणून नुसता रडला होता, तरी पलीकडच्या बाईंनी फोन ठेवला नाही. आज तो बरा आहे. पत्ते मात्र पूर्ण सोडले, त्याला मधला मार्ग जमला नाही. तुम्हाला जमेल की नाही ते मी सांगू शकत नाही, पण तीन-चार महिने पूर्ण थांबून बघा. थांबणं किती जड जातं यावरूनच पुष्कळ कळेल.

रागावू नका, मोठ्या बहिणीच्या हक्काने लिहिलं.

*

मूळ लेखक, नऊ दिवसांनी

सगळ्यांचे आभार. ताई, रागावण्याचा प्रश्नच नाही.

रत्नागिरीकर दादा, वही काढली. 2023 च्या मे महिन्यात सलग चोवीस रिकाम्या गेल्या होत्या. शनिवार-रविवार मिळून. मला आठवतही नव्हतं. त्या पानावर एका कोपऱ्यात मुलाने काढलेली बोट आहे, म्हणजे तो तेव्हा शेजारी बसून खेळत होता आणि मी चांगला असणार. ते बघून बराच वेळ बसून राहिलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, वेगळी रक्कम नव्हती. ऑनलाइनचे जे होते ते पहिल्या दोन महिन्यांतच संपले. त्यानंतरचं सगळं बागेतलं.

परवा रात्री बायकोला सांगितलं. मुलगा झोपल्यावर, पाऊस धो धो, लाइट गेलेली. ती आमसुलं डब्यात भरत होती. मी आकडा सांगितला तेव्हा तिचा हात थांबला, मग परत भरायला लागली. डबा बंद केला. मग म्हणाली, "कोल्हापूरचा माका तेव्हाच कळला होता. औषधाचो डबो खंय होतो?" मला इतके महिने वाटत होतं की मी एकटाच हे उचलून चाललोय. ती रडली नाही, पण पहाटेपर्यंत आम्ही दोघंही जागे होतो. तिने सांगितलं की दिवाळीपर्यंत पणजी नाही, आणि बागेचं खातं तिच्याकडे. मी हो म्हटलं. दिवाळीनंतरचं तेव्हा ठरवू असं तीच म्हणाली, मी मागितलं नव्हतं.

14416 वर एकदा बोललो. वीस मिनिटं. पुन्हा या आठवड्यात बोलणार आहे. झोप अजून आलेली नाही, पण काल तीनला जाग आली तेव्हा तो एक्का नव्हता, उद्या शेणखताची गाडी येणार त्याचा विचार होता.

खेळणार नसलो तरी एक गोष्ट मला करायची आहे, आणि बायकोला विचारून करतोय. बावीस टूर्नामेंटमधले जेवढे हात आठवतात तेवढे उतरवून काढलेत, अठरा झाले. शेवटची पानं खोडून टाकली. वारा किती आणि फवारणी किती, ते मला पैसे न लावता बघायचंय. दर चार दिवसांनी एक इथे टाकीन. कुणी खेळणारे असाल तर फक्त तुम्ही काय केलं असतं ते लिहा.

पहिला: सतरा जण उरलेत, पंधरा जणांना पैसे. मी बिग ब्लाइंडवर, म्हणजे पानं बघण्याआधीच ठरलेली रक्कम लावायच्या जागेवर, माझ्याकडे अठरा ब्लाइंड, म्हणजे त्या रकमेच्या अठरा पट चिप्स. टेबलावर दोघे माझ्याहून लहान आहेत, एकाकडे पाच ब्लाइंड, एकाकडे सात. सगळ्यांनी पानं टाकली. बटणवरच्याकडे, म्हणजे पानं वाटणाऱ्याची जागा ज्याची त्याच्याकडे, तीस ब्लाइंड, गेला तासभर तो सारखा दाबून खेळतोय, त्याने सगळं पुढे ढकललं. माझ्याकडे किलवरचा एक्का आणि किलवरचा गुलाम.

कॉल की फोल्ड?